सांताक्रूझचे पाणी आणि पेटीतले सोबती

आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्यांच्या अखेरीस कुलाबा आणि सांताक्रूझ येथील कमाल व किमान तापमानाचे आकडे वर्षानुवर्षे ऐकत आलेल्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना याची जाणीव असेल की, यांतील दुसरा आकडा काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्या उपनगरी गृहस्थाच्या दृष्टीने निव्वळ हवामानाची वार्ता नसून, कोणत्या माशाशेजारी कोणता मासा सुखाने नांदेल या प्रश्नाचा निम्मा निकाल त्यातच लागून गेलेला असतो. वैशाखात पारा चौतीस अंशांकडे झुकला की शीतल पाण्याची सवय असलेला गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतो. आणि त्याच पेटीत, त्याच पाण्यात, गुरामी मात्र निश्चिंतपणे विहार करीत असतो, कारण उष्णता त्याच्या अंगवळणी पडलेली असून पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवेचा एक घोट घेण्याची सोय निसर्गाने त्याच्या देहात करून ठेवली आहे. दोघेही स्वभावाने निरुपद्रवी, दोघांतही कलहाचे कारण नाही. तरीही ते एकमेकांचे सोबती नव्हेत.

शांत माशाला सोबती कोणता द्यावा, या प्रश्नाचा विचार लोक बहुधा स्वभावाच्या अंगाने करतात. अमुक मासा गरीब, तमुक भांडखोर, अशी विभागणी करून मोकळे होतात. सांताक्रूझ आणि त्याच्या आसपासच्या मुलखातल्या मत्स्यपालनाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा वृत्तांत पाहिला तर मला असे दिसते की येथे पहिला निर्णय नेहमी पाण्याने दिला, दुसरा जबड्याच्या मापाने, आणि स्वभावाचा क्रम त्यानंतर लागला. दुकानदार, डॉक्टर, नगरपालिकेचे अधिकारी आणि अलीकडचे वास्तुतज्ज्ञ यांनी आपापल्या परीने या निर्णयात हस्तक्षेप केला खरा. पण पाण्याने दिलेला निकाल त्यांपैकी कोणासही फिरवता आला नाही.

सन १९२० पर्यंत हा सगळा प्रदेश ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत असे. त्या साली मुंबई उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला, आणि पुढे १९५० साली सांताक्रूझ बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. रेल्वेच्या पश्चिमेस जुहूपर्यंत माडांच्या वाड्या, पूर्वेस वाकोला आणि कलिना या गावांची भातखाचरे, आणि त्यांपलीकडे मिठी नदीच्या भरती-ओहोटीची खाजणे, असे या भूमीचे रूप होते. मृगाचा पाऊस कोसळला की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गावांप्रमाणे येथल्या ओहोळांतही मासे प्रवाहाच्या उलट चढत. कोकणात ज्यास वलगण म्हणतात तोच हा प्रकार. शिंगटी, मरळ आणि बोटाएवढे नाना जातींचे मासे एकाच खाचरात वीतभर पाण्यात दाटीने राहत, आणि आश्विनात पाणी आटू लागले की मरळीच्या पोटात किंवा माणसाच्या ताटात जात. त्या काळी माशाचा सोबती म्हणजे भात आणि कोकमाची आंबटी. दुसरा विचार कोणास शिवलाही नसेल.

मासे केवळ पाहण्यासाठी राखावेत ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित होती असे मात्र नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीच्या नावाने राखलेले मोठाले मासे आजही भाविकांनी टाकलेल्या लाह्या-चुरमुऱ्यांवर झेप घेतात आणि त्यांस कोणी हात लावीत नाही. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य नृपतीने, सोमेश्वर तिसऱ्याने, आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक प्रकरणच घातले असून त्यात माशांच्या जाती आणि त्यांचे निरनिराळे खाद्य यांचा विचार केला आहे. अर्थात राजाचा हेतू गळास लावावयाचे आमिष ठरवण्याचा होता, हे विसरून चालणार नाही.

पाहण्यासाठी नव्हे आणि खाण्यासाठीही नव्हे, अशा तिसऱ्याच हेतूने मासे पाळण्याचा प्रघात या भागात सुरू झाला तो डासांमुळे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध केल्यावर सरकारचे लक्ष पाण्याच्या साठ्यांकडे वळले, आणि डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाची चौकशी करून १९११ साली जो अहवाल सादर केला, त्यात शहरातल्या विहिरींवर स्पष्ट ठपका ठेवला. ॲनॉफिलीस स्टीफेन्सी या जातीचा डास वाड्या-चाळींच्या विहिरींतल्या स्वच्छ, सावलीतल्या पाण्यात अंडी घालतो, सबब विहिरी बुजवाव्यात वा बंदिस्त झाकाव्यात, असा त्यांचा अभिप्राय होता. यावर पारशी आणि हिंदू समाजांतून विरोधाचे सूर उठले. कारण विहीर ही पाण्याची सोय असली तरी तिच्या काठावर दिवाही लागत होता, आणि सूर्यप्रकाश ज्या पाण्यास शिवत नाही ते पाणी धर्मकृत्यास चालावे कसे, हा प्रश्न दप्तरातल्या कागदांनी सुटण्याजोगा नव्हता. विहीर उघडी ठेवावयाची आणि डासही वाढू द्यावयाचा नाही, या पेचातून मार्ग दाखवला तो डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांनी.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा गप्पी मासा १९०८ च्या सुमारास हिंदुस्थानात आला, आणि त्याचा दूरचा नातलग गॅम्ब्युसिया १९२८ साली इटलीहून आणण्यात आला. दोघेही अळ्या खातात, दोघेही अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात, दोघेही दिसावयास लहान. म्हणून कागदोपत्री त्यांची गणना एकाच सदरात होत असे. परंतु दोघांस एका हौदात सोडून पाहावे. गप्पीच्या नराची रंगीत, लांबट शेपटी गॅम्ब्युसियाच्या नजरेस पडली की तो मागून येऊन तिचे तुकडे तोडू लागतो. शेपटी झडली की गप्पीस पोहणे जड जाते, आणि त्याच्या नवजात पिलांचा तर मागमूस राहत नाही. शांत माशाचा सोबती निवडताना आकार आणि आहार सारखे असणे पुरेसे नाही, हा धडा मुंबईच्या मत्स्यशौकिनांस मिळण्यापूर्वी विहिरींनी गिरवला असणार. त्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

या विहिरींच्या पाण्याविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या या पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी जड, कित्येक ठिकाणी मचूळ. डाळ लवकर शिजत नसे आणि साबणास फेस येत नसे. याउलट नळाने जे पाणी आले ते विहार, तुळशी आणि तानसा या तलावांचे होते. विहार १८६०, तुळशी १८७९ आणि तानसा १८९२ या क्रमाने ते मुंबईच्या कारभारात दाखल झाले, आणि पुढे वैतरणेची भर पडली. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून वाहून साठलेले हे पावसाचे पाणी हलके, क्षार अगदी थोडे असलेले. एकाच बंगल्याच्या आवारात विहिरीचे जड आणि नळाचे हलके अशी दोन पाणी असणे हे सांताक्रूझचे एका पिढीचे वैशिष्ट्य होते, आणि त्या दोन पाण्यांत दोन निराळी मत्स्यकुळे नांदू शकत होती. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिले देणारी कुळे जड पाण्यात खुलतात. मॉलीस तर चिमूटभर मीठही मानवते. टेट्रा, एंजल आणि बहुतेक गुरामी यांस हलके पाणी भावते. विहिरीच्या बादलीने पेटी भरणाऱ्याची मॉली वर्षानुवर्षे पिले देत राहिली आणि नळाच्या पाण्याने भरणाऱ्याची चार महिन्यांत अंग आखडून, जागच्या जागी डुलत मेली, तर तो नशिबाचा खेळ खचित नव्हे.

काचेची पेटी या देशात आली ती विलायतेहून, आणि तिच्या जन्मकथेतच सोबत्यांचा प्रश्न दडलेला आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एका काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती ठेवून पाहिली. वनस्पतीने सोडलेल्या प्राणवायूवर मासे जगतील ही त्यांची अटकळ बरोबर ठरली. पण वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात काही गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि पाणी पुन्हा नितळ झाले. पेटीतला पहिला यशस्वी सोबती मासा नव्हताच, ती गोगलगाय होती, ही गोष्ट आजच्या दुकानात कोणी गिऱ्हाइकास सांगत नाही. सांगितली तर दुसरा मासा विकला जाणार नाही. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले आणि १८५४ साली फिलिप गॉस यांचे मत्स्यपेटीवरील पुस्तक निघाले, त्याबरोबर विलायतेत घरोघरी या छंदाची लाट उसळली.

मुंबईत या नव्या वस्तूस आश्रय मिळाला तो प्रथम पारशी आणि युरोपीय घरांत. नवरोजाच्या मेजावर आरसा, दिवा आणि फुले यांच्याबरोबर पाण्याच्या काचपात्रात जिवंत मासा ठेवण्याचा इराणी रिवाज पारशी कुटुंबांत टिकून होता. त्यामुळे काचेतला मासा त्यांस परका वाटण्याचे कारण नव्हते. सार्वजनिक मत्स्यालयाची उभारणी झाली तीही पारशी दातृत्वातून. चर्नी रोडजवळ मरीन ड्राइव्हवर सुमारे आठ लाख रुपये खर्चून बांधलेल्या मत्स्यालयास तारापोरवाला यांनी दोन लाखांची देणगी दिली, आणि १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यामागे मुंबई इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची पूर्वतयारी होती. त्या खात्यातले चिं. वि. कुलकर्णी यांनी १९४० साली इलाख्याच्या किनारी पाण्यातल्या, जेमतेम इंचभर लांबीच्या, काचेसारख्या पारदर्शक अशा एका नव्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा व खात्याचे प्रमुख सेटणा या दोघांच्या गौरवार्थ त्यास ‘होराइक्थिस सेटनाय’ असे नाव दिले. असा नाजूक, मचूळ पाण्यातला, आपल्या दाराशी राहणारा मासा सोडून लोक सुमात्रा आणि ॲमेझॉनच्या माशांकडे वळले, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

सांताक्रूझहून लोकलने चर्नी रोडला जाऊन, तिकीट काढून, अंधाऱ्या दालनांतल्या उजळलेल्या काचांपुढे नाक लावून उभी राहिलेली मुले घरी परतली ती पेटीचा हट्ट धरूनच. परंतु मत्स्यालयाने त्यांच्या मनात एक गैरसमजही रुजवला. तेथे प्रत्येक कुळास निराळी टाकी, निराळे पाणी, आणि देखरेखीस पगारी माणसे. घरी मात्र पेटी एकच. जे तेथे वीस काचांमागे पाहिले ते सर्व एकाच काचेमागे हवे, ही मागणी घेऊन गिऱ्हाईक क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षी-मासेवाल्यांकडे, आणि पुढे कुर्ल्याच्या घाऊक बाजारात जाऊ लागले.

त्या काळची पेटी आजच्यासारखी नव्हती. लोखंडी अँगलची चौकट, तीत बसवलेल्या जाड काचा, सांध्यांत भरलेली पुट्टी आणि तळाशी कडाप्प्याची किंवा जस्ताच्या पत्र्याची फरशी. रिकामी असतानाच तिचे ओझे दोन माणसांचे होई. पेटी एकदा कोरडी पडली की पुट्टी तडकत असे आणि पुन्हा भरताच एका कोपऱ्यातून बारीक धार लागत असे, म्हणून शहाणे लोक ती कधीच पूर्ण रिकामी करीत नसत. लोखंडास गंज चढला तर त्याचा अंश पाण्यात उतरे. सिलिकॉनच्या लुकणाने नुसत्या काचा जोडून पेटी करण्याची रीत रूढ झाली तेव्हा ही सगळी यातायात संपली; पेट्या स्वस्त झाल्या, आणि त्याबरोबर माशांची निवडही निष्काळजीपणे होऊ लागली. जी वस्तू दोन महिन्यांच्या पगाराची असते तिच्यात काय घालावयाचे याचा विचार माणूस चार दिवस करतो. जी उभ्या उभ्या मिळते तिच्यात तो उभ्या उभ्याच मासे घालतो.

मासे येत ते मुख्यत्वे कलकत्त्याहून. हावडा आणि चोवीस परगण्यांतल्या पुकुरांत पैदास झालेले एंजल, गुरामी, बार्ब आणि मॉली आगगाडीने मुंबईस येत. आणि परदेशी माल सांताक्रूझच्या विमानतळावर उतरे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी उपयोगासाठी वाढवलेल्या या विमानतळावरून १९४८ साली एअर इंडियाचे पहिले विमान लंडनला गेले, आणि सहारचे टर्मिनल होईपर्यंत मुंबईचा आकाशमार्ग तो हाच होता. निम्मे पाणी आणि निम्मा प्राणवायू भरून, तोंड रबराने आवळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्राचे वेष्टण आणि भोवती थर्मोकोलची पेटी. या साध्या युक्तीने दूरदूरच्या नद्यांचे मासे परस्परांचे शेजारी झाले. निसर्गात ज्यांची कधी गाठ पडली नसती असे सयामचा गुरामी, मेक्सिकोची मॉली आणि ॲमेझॉनचा टेट्रा अंधेरी-सांताक्रूझच्या दिवाणखान्यांत एका काचेत येऊन राहिले. शौकिनांत हातोहात फिरणारे विल्यम इनेस यांचे १९३५ सालचे इंग्रजी पुस्तक सोबत्यांचा सल्ला देत असे. पण तो सल्ला फिलाडेल्फियाच्या हवामानातून निघालेला होता. तेथे पेटी गरम ठेवण्याची चिंता असे. सांताक्रूझला पौषातल्या काही पहाटा सोडल्या तर ती चिंता नाही. चिंता आहे ती उन्हाळ्यातल्या कोमट, प्राणवायू हरवलेल्या पाण्याची, आणि त्यात किती मासे कोंबले आहेत याची.

आता स्वभावाकडे वळतो, कारण पाणी जुळले म्हणून सर्व जुळले असे नाही. नवीन आलेला छोटा निऑन टेट्रा पेटीत सोडावा आणि तासभर एंजलकडे पाहत बसावे. दिवसा एंजल त्याच्याकडे लक्षही देत नाही. मोठ्या झालरीसारखे पर सांभाळीत तो मंदगतीने, एखाद्या सरदाराच्या थाटात, समोरून निघून जातो. दिवे मालवले की निऑनचा निळा पट्टा फिकट होतो आणि तो पानांआड एका जागी स्थिर राहतो. पहाटेच्या पहिल्या उजेडात एंजल जागा होतो, तेव्हा निऑन अजून सुस्त असतो. एंजल त्याच्यासमोर येऊन क्षणभर थबकतो, डोळे किंचित पुढे वळतात, आणि पुढच्याच क्षणी निऑन दिसत नाही. सकाळी घरातली माणसे मासे मोजतात आणि चोर शोधतात. एंजल पुन्हा पूर्वीसारखाच संथ असतो. यात दुष्टपणा कोठेही नाही. एंजल रुपयाएवढा होता तोवर निऑन खरोखरच त्याचा सोबती होता. तळहाताएवढा झाल्यावर तो त्याचे भक्ष्य झाला. सोबती निवडताना मासा आज केवढा आहे हे न पाहता पुढे केवढा होणार हे पाहावे, हे दुकानात ऐकू येत नाही, कारण दुकानात सर्वच मासे दोन इंचांचे असतात. टायगर शार्क म्हणून जो चपळ, रुपेरी मासा घरोघरी विकला गेला, तो वस्तुतः हातभराहून मोठा होणारा पंगस. आणि हॉटेलात बासा म्हणून जो तुकडा ताटात येतो, तो याच माशाचा.

टायगर बार्बची गोष्ट निराळी आहे. सुमात्रेकडचा हा पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला मासा दोन-तीनच्या संख्येने पेटीत असला तर गप्पीच्या शेपटीस, एंजलच्या लांब परांस आणि गुरामीच्या दोऱ्यासारख्या स्पर्शिकांस चावे घेत फिरतो. त्याच जातीचे आठ-दहा एकत्र ठेवले तर त्यांचा बराचसा दंगा आपसातच चालतो आणि इतरांस पुष्कळ उसंत मिळते. भांडखोर मासे कमी ठेवावेत हे सर्वांस पटते. त्यांची संख्या वाढवावी हे कोणास पटत नाही. कॉन्राड लोरेंझ यांनी प्रवाळ-समुद्रातल्या भडक रंगांच्या माशांचे निरीक्षण करून असे दाखवले की त्यांचा रोष परक्यांपेक्षा स्वजातीयांवरच अधिक असतो, कारण एकाच खाद्यावर आणि एकाच जागेवर हक्क सांगणारे तेच असतात. पेटी मांडणाऱ्यास याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की तळाशी राहणारा, मध्ये फिरणारा आणि पृष्ठभागाशी राहणारा असे तीन थर निरनिराळ्या कुळांस वाटून द्यावेत, आणि गप्पीच्या एका नरामागे निदान दोन-तीन माद्या ठेवाव्यात, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवून तिला तो दमवणार नाही.

या सर्वांत अधिक विनोदी फसवणूक झाली ती किसिंग गुरामीच्या बाबतीत. दोन फिकट गुलाबी मासे ओठास ओठ भिडवून तासन् तास उभे राहतात हे पाहून त्यांस प्रेमी युगुल समजून लोकांनी ते लग्नाच्या वाढदिवसांस भेट दिले. ते चुंबन म्हणजे जागेच्या हक्कासाठी चाललेली झोंबाझोंबी होय. ज्याचे बळ प्रथम ओसरते तो माघार घेतो, आणि पेटी लहान असल्याने माघार घ्यावयास त्यास जागा उरत नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उपनगरांतल्या पेट्यांवर वास्तुशास्त्राचा आणि फेंगशुईचा अंमल बसला. दवाखान्यांची प्रतीक्षालये, जागांच्या दलालांच्या कचेऱ्या आणि नव्या इमारतींचे दिवाणखाने यांत ईशान्येस पेटी, आणि तीत आठ सोनेरी व एक काळा मासा, असा एक शिरस्ताच पडला. येथे सोबती ठरवले जातात ते संख्येने आणि रंगाने. पेटीचे माप, पाण्याचे क्षार, उन्हाळा यांपैकी कशाचीही विचारणा होत नाही. दोन फुटी पेटीत नऊ गोल्डफिश म्हणजे पाण्यात साठणाऱ्या अमोनियाची हमी. काळा मासा प्रथम मेला तर घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले, अशी मखलाशी तयारच असते आणि लगोलग दुसरा आणला जातो. त्यानंतर मलेशियात संकराने निर्माण केलेला, कपाळावर मोठे टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न आला. त्याच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत चिनी अक्षरे वाचून भाग्य ठरवले जाते, आणि त्यास तर सोबतीच चालत नाही. पेटी पाचपट मोठी झाली, किंमत शंभरपट झाली, आणि आत मासा उरला एक. छंदाची ही परिणती मला खेदजनक वाटते. एकट्या माशाकडे पाहण्यात संग्रहाचे समाधान असेल, निरीक्षणाचे नाही.

मरीन ड्राइव्हवरचे मत्स्यालय २०१५ साली नूतनीकरण होऊन, बारा फूट लांबीच्या काचेच्या बोगद्यासह पुन्हा उघडले आणि पुढे कोविडच्या टाळेबंदीत जे बंद झाले ते इमारतीच्या जीर्णतेमुळे बंदच राहिले. वर्सोव्याला १९६१ पासून चालत आलेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था सांताक्रूझपासून लांब नाही. शोभिवंत माशांच्या पैदाशीचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेथे मिळते. इकडे सुजाण शौकिनांत आता एकाच नदीचे मासे एका पेटीत ठेवण्याची रीत मूळ धरू लागली आहे. झेब्रा, रोझी बार्ब, हनी गुरामी हे फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातून वर्णिलेले आपलेच मासे. परदेशांत पैदास होऊन ते आपल्याच दुकानांत विलायती म्हणून विकले गेले, ही गंमत सोडली, तर त्यांचे पाणी, आहार आणि माप एकमेकांस हजारो वर्षे जुळवलेले आहे. तलावाच्या हलक्या पाण्यात, सहा-सहाच्या जथ्याने, ते सांताक्रूझच्या उन्हाळ्यातही तग धरतात आणि मीठ, हीटर यांपैकी कशाचीही मागणी करीत नाहीत.

परंतु ज्या माशास पाण्याचे बंधन नाही त्याची गोष्ट सांगितल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. काचेवरचे शेवाळ खाऊन पेटी स्वच्छ ठेवतो म्हणून सकर नावाचा दक्षिण अमेरिकेतला चिलखती मासा प्रत्येक पेटीत सोबती म्हणून दिला गेला. तो कोणास चावत नाही, जड पाणी, हलके पाणी, गढूळ पाणी, सारेच त्यास चालते, आणि प्राणवायू संपला तर पृष्ठभागावरून हवा गिळून तो निभावून नेतो. दुकानदाराच्या दृष्टीने आदर्श शांत मासा. दोन वर्षांत तो फूटभर होतो, पेटीत वळणे त्यास अशक्य होते, आणि मग दयाबुद्धीने कोणी तरी त्यास पिशवीत घालून जवळच्या तलावात सोडून येते. आज राज्यातल्या जलाशयांत भोई आणि कोळी यांच्या जाळ्यांत तो सापडू लागला आहे. त्याच्या परांचे काटे जाळ्यात अडकतात, तो सोडवताना जाळे कापावे लागते, आणि बाजारात त्यास गिऱ्हाईक नाही.